नळ कारागिराला मागणी आहे, मग अडतं कुठे?

या आठवड्यात नर्सिंगवर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो आहे. या लेखमालेतला जर्मनीच्या संधी-कार्डाच्या गुणतक्त्याचा भाग वाचून सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाने एक प्रश्न पाठवला आहे आणि तो सुटल्याशिवाय नर्सिंगचाही भाग नीट उलगडणार नाही. तो लिहितो : आयटीआयला प्लंबर ट्रेड केला, एक वर्षाचा. नंतर सहा वर्षं पुण्यात मोठ्या इमारतींची कामं. जर्मनीत प्लंबर मिळत नाहीत असं जिथे-तिथे वाचतो. मग माझ्याच आयटीआयमधल्या इलेक्ट्रिशियन मित्राचं काम पुढे सरकलं आणि माझं का अडलं? टंचाईच्या धंद्यांच्या यादीत तर आम्ही दोघंही आहोत!

खरंच आहेत. आणि प्लंबरची टंचाई तर खरोखरच मोठी आहे. पण यादी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आधी पाहू.

जर्मनीची केंद्रीय रोजगार संस्था दरवर्षी धंदेवार टंचाईचा हिशेब मांडते. जागा भरायला किती दिवस लागतात, एका जागेमागे काम शोधणारे किती, त्या धंद्यात बेकारी किती, पगार किती वाढला, नोकरी गेलेला माणूस किती लवकर पुन्हा कामाला लागतो आणि परदेशी कामगारांचं प्रमाण किती बदललं, अशा सहा कसोट्या आहेत. प्रत्येकीला ० ते ३ गुण. सरासरी २ किंवा त्याहून जास्त आली की तो धंदा टंचाईचा. या सहांपैकी एकही कसोटी उमेदवाराकडे बघत नाही. सगळ्या जर्मनीच्या बाजाराकडे बघतात. म्हणून संधी-कार्डाच्या, म्हणजे जर्मनीत जाऊन नोकरी शोधण्याच्या परवान्याच्या, गुणतक्त्यात यादीतल्या धंद्याला फक्त १ गुण आहे. जर्मन भाषेच्या बी-२ पातळीला ३ आहेत, पस्तीस वर्षांपर्यंतच्या वयाला २ आहेत आणि अंशतः मान्यता मिळालेली असेल तर तब्बल ४. जाहिराती मात्र त्या एका गुणाच्याच छापून येतात.

आपल्या प्लंबरचं तर तक्त्यापर्यंत पोचण्याआधीच अडलं. ज्या देशात शिकलात तिथे सरकारमान्य असलेलं, किमान २ वर्षांचं व्यवसायशिक्षण किंवा पदवी हवी, ही अट संधी-कार्डाला आहे. १ मार्च २०२४ पासून सुरू झालेल्या मान्यता-भागीदारीला आहे. निव्वळ अनुभवाच्या जोरावर, मोठा पगार दाखवून जाण्याची जी वाट आहे, तिलाही आहे. आता आपले आयटीआयचे ट्रेड या दोन वर्षांच्या पट्टीवर ठेवून बघा. इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, मोटार मेकॅनिक, रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग हे दोन वर्षांचे. प्लंबर, वेल्डर, सुतारकाम, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे. पट्टीच्या अलीकडे आणि पलीकडे राहिलेल्या पोरांच्या हुशारीत काडीचा फरक नाही. आयटीआयला प्रवेश घेताना कुणी हा विचार केलेला नसतो. जवळचा ट्रेड, गुणवत्ता यादीत लागलेला ट्रेड, मामाने सांगितलेला ट्रेड, यावर निवड होते. दहावीनंतर प्रवेश घेणाऱ्यांच्या घरी हा परिच्छेद वाचून दाखवावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मान्यता-भागीदारीबद्दल थोडं, कारण इलेक्ट्रिशियन मित्राचं काम पुढे सरकलं ते बहुधा तिच्यामुळे. पूर्वी आधी इथे बसून मान्यता मिळवायची, मग व्हिसा, अशी रीत होती. आता जर्मन मालकाबरोबर नोकरीचा करार, ए-२ पातळीची जर्मन आणि दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण एवढं असेल तर आधी जाऊन कामाला लागता येतं. मान्यतेचा अर्ज तिकडे पोचल्यावर करायचा, मालकाने त्यात साथ द्यायची, आणि हे सगळं जास्तीत जास्त तीन वर्षांत पुरं करायचं. तुमचं शिक्षण इथे सरकारमान्य आहे, याचा दाखला बॉनमधलं परदेशी शिक्षणविषयक केंद्रीय कार्यालय देतं.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. शिल्पनिदेशक म्हणून वर्कशॉपमध्ये उभं राहिल्यापासून मला याचंच आकर्षण आहे : आपल्या सर्टिफिकेटचं जर्मन जोडीदार-सर्टिफिकेट कोणतं?

१ एप्रिल २०१२ पासून जर्मनीत कायदा आहे की परदेशात व्यवसायशिक्षण घेतलेल्या कुणालाही, नागरिकत्व कुठलंही असो, आपल्या शिक्षणाची जर्मन शिक्षणाशी तुलना करून मागता येते. अर्ज सांगलीत बसूनही करता येतो. कागद पूर्ण पोचल्यापासून साधारण तीन महिन्यांत निर्णय. पण तुलना कुणाशी, हे आधी ठरावं लागतं. जर्मनीत व्यवसायांची नावं, त्यांचा अभ्यासक्रम आणि कालावधी कायद्याने बांधलेला आहे. आपला इलेक्ट्रिशियन तिकडे एक नाही. कारखान्यातली यंत्रं, पॅनेल, मोटारी सांभाळणारा 'बेट्रीब्सटेख्निक'चा एलेक्ट्रोनिकर वेगळा आणि घरांची, इमारतींची वायरिंग करणारा 'एनर्गी उंड गेबॉयडेटेख्निक'चा वेगळा. दोन्ही शिक्षणं साडेतीन वर्षांची. पहिला उद्योगाच्या चेंबरखाली येतो आणि त्याचा अर्ज न्युर्नबर्गमधल्या आयएचके-फोझा या कार्यालयाकडे जातो. दुसरा हस्तव्यवसायांच्या चेंबरखाली, म्हणजे हांटव्हेर्क्सकामरकडे. तीच मार्कशीट दोन्ही दारांत नेता येते, पण निकाल सारखा लागत नाही. ज्याने भोसरीत पाच वर्षं मेंटेनन्स केला त्याने पहिलं दार ठोठावावं. ज्याने बिल्डरकडे फ्लॅट वायर केले त्याने दुसरं. टर्नर आणि मशिनिस्टांनी त्सेरश्पानुंग्समेखानिकर हे नाव पाठ करावं. लांबलचक आहे, पण सीएनसीवर काम करणाऱ्या पोरांचं तेच आहे. फिटरांसाठी इंडुस्ट्रीमेखानिकर.

आपली दोन वर्षं आणि त्यांची साडेतीन, म्हणजे पहिल्या फटक्यात पूर्ण मान्यता क्वचितच मिळते. इथे एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते : जो भाग शिक्षणात राहिला, तो कामाच्या अनुभवातून भरून काढता येतो. मात्र तो कागदावर दिसला पाहिजे. आणि आपल्याकडची अनुभवाची पत्रं कशी असतात? 'श्री. अमुक यांनी आमच्याकडे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इलेक्ट्रिशियन म्हणून काम केले. त्यांची वर्तणूक चांगली होती.' खाली शिक्का. चेंबरमधला अधिकारी या पत्रातून काय काढणार? त्याला हवंय ते असं : ४१५ व्होल्टच्या पॅनेलची जोडणी, केबल ग्लँडिंग आणि लग क्रिंप करणं, स्टार-डेल्टा स्टार्टर बसवणं, मेगरने इन्सुलेशन तपासणं, अर्थिंगचा रोध मोजून नोंदवणं, पीएलसीच्या इनपुटवरून दोष शोधणं, आणि यातलं कोणतं काम किती वर्षं. असं पत्र मालकाकडून मागायला संकोच करू नका. मसुदा स्वतः लिहून न्या, खरं तेवढंच लिहा, मालक सही करतो. त्याच्या जोडीला ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचा डीजीटीचा, म्हणजे केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचा, अभ्यासक्रम लावा. त्यात विषय आणि प्रात्यक्षिकं दिलेली असतात आणि तुलना करणाऱ्याला नेमकं तेच लागतं. माझं तर ठाम मत आहे की प्रत्येक आयटीआयने निकालाच्या दिवशी सर्टिफिकेटबरोबर हा अभ्यासक्रम छापून हातात द्यावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, पहिल्या टप्प्याला १०,००० तरुण असं ठरलं, आणि चर्चा सगळी जर्मन भाषेच्या वर्गांची झाली. भाषा हवीच. पण हे चार कागद तितकेच हवेत, आणि त्यांना खर्च जवळजवळ नाही.

कागद हरवले असतील, जुना मालक धंदा बंद करून गेला असेल, तरी मार्ग आहे. चेंबर कौशल्याची प्रत्यक्ष चाचणी घेऊ शकतं. काम करून दाखवायचं, तज्ज्ञाशी त्यावर बोलायचं.

राहिलेला भाग तिकडे जाऊन भरायचा असतो. तो नेमका काय, हे इलेक्ट्रिशियनच्या बाबतीत तारेच्या रंगांवरूनच कळेल. आपल्या थ्री-फेजला लाल, पिवळी, निळी आणि न्यूट्रल काळी. जर्मनीत फेज तपकिरी, काळी, करडी, आणि न्यूट्रल निळी. म्हणजे आपली न्यूट्रलची काळी तिकडे जिवंत आहे आणि आपली फेजची निळी तिकडे न्यूट्रल. वर्षानुवर्षं हाताला बसलेली सवय इथे थेट जिवावर बेतू शकते. शिवाय आपल्या प्रत्येक वायरमनच्या खिशाला अडकवलेला तो निऑनचा टेस्टर! वीज नाही याची खात्री करायला तो तिकडे चालत नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टरच लागतो. त्यांचे पाच सुरक्षा नियम शिकाऊ मुलांकडून क्रमाने घोकून घेतात : पुरवठा तोडा, तो पुन्हा चालू होणार नाही असं कुलूप लावा, वीज नाही हे तपासा, अर्थ करून शॉर्ट करा, शेजारचे जिवंत भाग झाका किंवा अडवा. क्रम बदलायचा नाही. मी वर्कशॉपमध्ये हे पाच नियम मराठीत मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावले होते. परदेशी जाणाऱ्यांसाठी नव्हे, सगळ्यांसाठी. चाकणमध्ये काम करणाऱ्यालाही तेवढाच जीव असतो.

आता प्लंबर वाचकाकडे. तुमच्या धंद्याचं जर्मन नाव 'आनलागेनमेखानिकर फ्युअर सानिटेअर-, हाइत्सुंग्स- उंड क्लिमाटेख्निक', साडेतीन वर्षं. नळ-संडासची जोडणी, इमारत गरम ठेवण्याची यंत्रणा आणि हवा, अशी तीन कामं एकाच कारागिराच्या अंगावर. टंचाई मुख्यतः मधल्या कामामुळे वाढली आहे. १ जानेवारी २०२४ पासून बदललेल्या कायद्याने घर गरम ठेवण्यासाठी हळूहळू हीट पंपासारख्या यंत्रणांकडे वळायचं ठरलं आहे आणि ते बसवणारे हात कमी पडतात. आपल्या प्लंबरला सीपीव्हीसीचे जोड, जीआय पाइपला आटे पाडणं, डक्टमधल्या सॉइल लाइन, टाक्या आणि पंप येतात. पण महाराष्ट्रात रेडिएटर असलेलं घर त्याने कुठे बघायचं? म्हणून तुमच्या सहा वर्षांत हॉटेल किंवा हॉस्पिटलच्या गरम पाण्याच्या लाइन, बॉयलर, सोलर हीटर, प्रेशर टेस्टिंग यातलं जे-जे केलं असेल ते अनुभवपत्रात सुटं-सुटं यायला हवं.

दोन वाटा दिसतात. एक, ज्या भागात काम करायचं तिथल्या हांटव्हेर्क्सकामरकडे इथूनच मान्यतेचा अर्ज करायचा. त्यासाठी दोन वर्षांची ती अट नाही. अंशतः मान्यता आली आणि काय कमी आहे ते निर्णयपत्रात लिहून आलं, की तेवढं शिकण्यासाठी ए-२ जर्मनवर व्हिसा मागता येतो. दुसरी, तिकडे जाऊन आउसबिल्डुंग, म्हणजे साडेतीन वर्षांचं शिक्षण पहिल्यापासून करायचं. कंपनीत काम, जोडीला व्यवसायशाळा, दरमहा विद्यावेतन. जर्मन सर्वसाधारणपणे बी-१ पातळीची लागते. मालकाची संमती असेल तर आधीच्या शिक्षणामुळे कालावधी कमी करून मागता येतो. वय तुम्ही लिहिलं नाही. संसार नसेल आणि पंचविशीच्या आसपास असाल तर मी दुसरी वाट सुचवेन. वर्षं जास्त जातात, पण शेवटी हातात येतं ते पूर्ण जर्मन सर्टिफिकेट आणि रेडिएटरपासून हीट पंपापर्यंत सगळं शिकून होतं. घरी मुलंबाळं असतील, दरमहा पैसे पाठवायचे असतील, तर पहिली.

रेफ्रिजरेशनवाल्यांनीही हे लक्ष देऊन वाचावं. हीट पंप म्हणजे उलट कामाला लावलेला फ्रीजच. कॉम्प्रेसर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह, गॅस चार्जिंग, गळती शोधणं, सगळं ओळखीचं. ट्रेड दोन वर्षांचा, त्यामुळे उंबरठाही ओलांडलेला. जोडीदार-सर्टिफिकेट कॅल्टेटेख्निकचा मेकाट्रोनिकर. रेफ्रिजरंट गॅस हाताळायला युरोपात वेगळं प्रमाणपत्र लागतं, ते तिकडे करावं लागेल. या ट्रेडची मुलं अजून दुबई-कतारकडेच बघतात, याची मला रुखरुख आहे.

वाचकाने शेवटी विचारलं आहे की एक एजंट 'प्लंबरच्या यादीतली जागा' देतो म्हणून साडेतीन लाख मागतो आहे, द्यावे का. देऊ नयेत. यादी हा फक्त बाजाराचा हिशेब आहे, हे वर आलंच; तिच्यात वाटायच्या जागा नसतात. भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स'ची नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक मागा, ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. क्रमांक द्यायला टाळाटाळ केली तर तिथेच उठा. तो पैसा बी-१च्या वर्गाला आणि परीक्षेच्या फीला लावा.

नर्सिंग पुढच्या आठवड्यात नक्की. तिथे अंशतः मान्यतेचा खेळ आणखी वेगळा आहे, कारण तो व्यवसाय परवान्याशिवाय करताच येत नाही. जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्यांनी तोवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि कॉलेजकडून विषयवार, तासवार ट्रान्स्क्रिप्ट मिळवायला अर्ज टाकून ठेवावा. कॉलेजकडून ती यायला वेळ लागतो.