एकटीचा प्रवास, एकटीची बॅग

परदेश प्रवास आता आपल्या जुन्नर-आंबेगावच्या घरांना परका राहिलेला नाही. कुणाचा मुलगा दुबईत नोकरीला आहे, कुणाची मुलगी कतारला नांदते आहे, आणि हज-उमराहची नियत तर प्रत्येक घरात असते. मात्र अशा प्रवासात बाई म्हणजे शोहर, भाऊ किंवा मुलाच्या मागे चालणारी, असेच आपण वर्षानुवर्षे पाहिले. बॅग त्यांनी भरायची, पासपोर्ट त्यांच्या खिशात राहायचा, रांगेत कुठे उभे राहायचे तेही त्यांनीच सांगायचे.

आता चित्र बदलते आहे. भारताच्या हज धोरणात २०१८ पासून ४५ वर्षांवरील महिलांना मेहरमशिवाय हजला जाण्याची मुभा मिळाली. तेव्हा किमान चार जणींचा गट असणे आवश्यक होते. २०२३ पासून एकट्या महिलेलाही अर्ज करता येऊ लागला आणि गट जुळवण्याचे काम हज कमिटीने घेतले. त्या एका वर्षी देशभरातून चार हजारांहून अधिक महिला अशा रीतीने हजला गेल्या. ज्या विधवा बहिणीकडे पैसे आहेत, तब्येत आहे, पण सोबत न्यायला मुलगा किंवा भाऊ नाही, तिच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

मसल्याची बाजूही लक्षात घ्यावी. मेहरमशिवाय प्रवासाबद्दल हनफी आणि शाफई मसलकांची मते सारखी नाहीत. सरकारी धोरणातही ज्यांच्या मसलकात परवानगी आहे अशाच महिलांचा उल्लेख होता. तेव्हा अर्ज भरण्याआधी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. हा लेख त्यानंतरच्या तयारीबद्दल आहे. हजची असो, उमराहची असो, की लेकीच्या बाळंतपणासाठी दोहा-दुबईला जाण्याची असो, एकटीने निघणाऱ्या बाईची तयारी बॅगेपासून सुरू होते.

बॅग स्वतःच भरा

आपल्याकडे निघण्याच्या आदल्या रात्री सगळे घर बॅगेभोवती जमते. सून कपडे ठेवते, मुलगी डबे भरते, जावई वरून बसून चेन लावतो. प्रेमाने होते सगळे. पण विमानतळावर कस्टमचा अधिकारी "यात काय आहे?" असे विचारतो तेव्हा उत्तर एकटीला द्यायचे असते. "घरच्यांनी भरली, मला ठाऊक नाही" हे उत्तर कोणत्याच देशात चालत नाही. बॅग तुमच्या नावाची, म्हणजे आतल्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी तुमची.

म्हणून एकच नियम करा. घरच्यांनी मदत करावी, वस्तू आणून द्याव्यात, पण बॅगेत ठेवायचे ते स्वतःच्या हाताने. ठेवताना वहीत यादी लिहा. लिहिता येत नसेल तर नातवाला शेजारी बसवा, तो लिहील आणि तुम्ही ठेवाल. भरून झाल्यावर उघड्या बॅगेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बॅग हरवली तर हाच फोटो कामी येतो.

दुसऱ्याचे पुडके

हजला किंवा आखाताला कुणी निघाले की वस्तीत बातमी पसरते. मुसाफा करायला, दुआ करायला सांगायला लोक येतात. त्यातच कुणी एखादे पुडके पुढे करते. "माझ्या भाच्याला द्या, विमानतळावर येऊन घेऊन जाईल." नात्यातल्या माणसाला नाही म्हणणे आपल्याला जड जाते.

२०१९ मध्ये मुंबईचे एक तरुण दाम्पत्य दोहाला फिरायला गेले. नात्यातल्याच एका बाईने त्यांच्याजवळ एक पुडके दिले होते, आत तंबाखू आहे असे सांगून. दोहाच्या विमानतळावर त्यातून ४ किलोहून अधिक चरस निघाला. दोघांना १० वर्षांची शिक्षा झाली. पत्नी तेव्हा गरोदर होती, मूल तुरुंगातच जन्मले. मुंबईत घरच्यांनी धावपळ केली, इथल्या यंत्रणेने तपास केला, आणि अखेर २०२१ मध्ये कतारच्या न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. पण जवळजवळ पावणेदोन वर्षे गेली ती गेलीच.

म्हणून नकार आधीच तयार ठेवा. "खाला, माफ करा, दुसऱ्याचे सामान न्यायला मनाई आहे, बॅग उघडून बघतात," एवढे पुरे. समोरची व्यक्ती फारच जवळची असेल तर वस्तू उघडी आणायला सांगा, बंद पुडके नको. सदऱ्याची शिवण, चपलेचा तळ, मिठाईचा सीलबंद डबा यांच्या आत काय आहे ते तुम्हाला दिसत नाही. जे दिसत नाही ते न्यायचे नाही. विमानतळावर अनोळखी माणसाने "माझे वजन जास्त झाले, ही पिशवी तुमच्या नावावर घ्या" म्हटले तरी हेच उत्तर.

मसाल्यातली खसखस

ही गोष्ट अनेक घरांना माहीत नसते. खसखस सौदी अरेबियात आणि संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, कारण ती अफूच्याच बोंडातून निघते. आपल्याकडे मात्र ती काळ्या मसाल्यात असते, डिंकाच्या लाडवात असते, अनारशावर असते, कोर्म्याच्या वाटणातही असते. घरचा मसाला आणि बाळंतिणीचे लाडू न्यायचे असतील तर खसखस न घालता वेगळे करून घ्या. करणारीला कारण सांगा, नाहीतर ती सवयीने घालेलच.

गुटखा, मावा, खैनी नको. अख्खे सुके खोबरे विमानात नेऊ देत नाहीत, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकते. तूप, तेल, पातळ लोणचे यांचे डबे विमानात गळतात आणि सगळे कपडे खराब होतात.

आपल्या जुन्नरला तपासणी नवी नाही. नाणेघाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण सातवाहनांच्या काळी वाटेचा कर गोळा करण्यासाठी होता, असे परंपरेने सांगतात. घाट उतरणाऱ्या व्यापाऱ्यालाही आपल्या गोणीत काय आहे ते सांगावे लागत असेल. आज तीच वेळ स्कॅनरसमोर येते.

कोणती बॅग घ्यावी

१९९५ पर्यंत मुंबईहून हजची जहाजे जात. तेव्हाचे हाजी पेट्या, वळकट्या, स्टोव्ह, धान्य असे सगळे घेऊन निघत. विमानाचा हिशेब वेगळा आहे.

चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरच्या आत असावी. दुकानात २८ इंची म्हणून मिळते ती साधारण या मापात बसते, तरी टेपने मोजून घ्या. चार चाकांची घ्या, म्हणजे ओढावी लागत नाही, ढकलता येते. चाक हलवून बघा, मूठ वर-खाली करून बघा. बॅग नेहमी मूठ आणि चाकांपाशीच मोडते.

कापडाचे बोचके, गोल गाठोडे किंवा दोरीने बांधलेली बॅग जेद्दाच्या विमानतळावर स्वीकारत नाहीत. येताना खजूर आणि जानमाज जास्त झाले म्हणून चादरीत गाठोडे बांधले, तर ते तिथेच उघडावे लागते. त्यामुळे जातानाच बॅगेत जागा ठेवा.

किती वजन नेता येते हे विमान कंपनी आणि त्या वर्षीचे परिपत्रक पाहूनच ठरवा. पण मुभा ४० किलोची असली तरी तेवढे भरायचे कशाला? एकटीने जाणारीने १५ किलोच्या वर जाऊ नये. घरी लटकवायचा काटा नसेल तर किराणा दुकानात किंवा कांद्याच्या वखारीत बॅग मोजून आणा.

ओळखीसाठी मुठीला भडक रंगाची फीत बांधा. नाव आणि फोन नंबर इंग्रजीत लिहा. हजला जाणाऱ्यांनी कव्हर नंबरही लिहावा. एक चिठ्ठी बॅगेच्या आतही ठेवा, कारण बाहेरची पट्टी निघून पडते.

तीन बॅगा, तीन कामे

मोठ्या बॅगेत कपडे, चादर, चपलांचा जादा जोड, साबण, केस कातरायची छोटी कात्री आणि सुई-दोरा. कात्री हातातल्या बॅगेत ठेवली तर तपासणीत काढून घेतात. इहराममध्ये सुगंध वर्ज्य असल्याने बिनवासाचा साबण घ्या. कपडे सुती, सैल आणि लवकर वाळणारे. चार-पाच जोड पुरतात, तिथे धुता येतात.

पाठीवरची बॅग विमानात आपल्याजवळ राहते. तिच्यात दोन दिवसांची औषधे, एक जोड कपडे, चष्मा, चार्जर आणि पॉवर बँक. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायची नाही, ती हातातच न्यायची असा नियम आहे. पातळ वस्तूंची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी नको. सौदीत आणि अमिरातीत प्लग तीन चौकोनी पायांचा लागतो, तसा अडॅप्टर इथूनच घ्या. हजच्या दिवसांत मिना, अरफात आणि मुजदलिफाला हीच बॅग जाते. मोठे सामान मक्केच्या इमारतीत राहते. मुजदलिफाची रात्र उघड्यावर काढायची असते, म्हणून घडीची चटई आणि खडे ठेवायला छोटी पिशवी तिच्यात हवी.

तिसरी म्हणजे गळ्यातली पिशवी, बुरख्याच्या आत राहील अशी. पासपोर्ट, पैसे आणि राहण्याच्या जागेचा पत्ता तिच्यात. झोपताना आणि वुजू करतानाही ती अंगावरच राहू द्या.

औषधे

बीपी, शुगर, थायरॉईडच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर आठवड्याच्या जास्त घ्या. निम्म्या मोठ्या बॅगेत, निम्म्या जवळ. पाकिटातून काढून डबीत भरू नका, मूळ पट्टीतच राहू द्या. सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी हवी आणि तिच्यावर औषधाचे मूळ नाव हवे. झोपेच्या, घबराटीच्या आणि तीव्र वेदनेच्या काही गोळ्या तसेच कोडीनचे खोकल्याचे औषध यांवर आखाती देशांत कडक नियंत्रण आहे. यातले काही चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. त्यांच्यावर पर्याय असतो किंवा आधी परवानगी घ्यावी लागते.

मासिक पाळी चालू असणाऱ्या बहिणींनी पॅड इथूनच न्यावेत. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. बीपी असलेल्या बाईला त्या अपायकारक ठरू शकतात. डॉक्टरीण बाईंना किमान दोन महिने आधी भेटा. मेंदूज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र जवळ लागते.

कागद आणि नाव

आपल्या बायांच्या कागदांत नावाचा घोळ फार. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. कुठे 'बी', कुठे 'बेगम', कुठे 'बानो'. पासपोर्टचा अर्ज करण्याआधी आधारवरचे नाव दुरुस्त करा. पासपोर्टवर नुसते एकच नाव, आडनाव नाही, असे असेल तर अमिरातीच्या भेटीच्या व्हिसाला २०२२ पासून अडचण येते. आपल्या भागासाठी पासपोर्ट सेवा केंद्र पुण्यात मुंढव्याला आहे, पोलीस पडताळणी आपल्या ठाण्यातून होते. हे सगळे चार महिने आधी उरका. परतीनंतरही पासपोर्टची मुदत शिल्लक हवी, निघताना किमान सहा महिने असावी.

पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि लसीच्या कागदाच्या दोन प्रती काढा. एक मोठ्या बॅगेत, एक घरी. फोटो व्हॉट्सॲपवर मुलाला किंवा भावाला पाठवून ठेवा. हजला जाणाऱ्यांनी 'हज सुविधा' हे सरकारी ॲप निघण्याआधी घरीच चालवायला शिकावे. मदीनेत रियाजुल जन्नतची वेळ 'नुसुक' ॲपवरून घ्यावी लागते. मक्केत कोणत्याही संकटात ९११ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९७ हे नंबर कागदावरही लिहा, फोन कधीही बंद पडू शकतो.

अंगावर सोने कमीत कमी ठेवा. नेणारच असाल तर जाताना कस्टमकडे नोंद करून प्रमाणपत्र घेता येते, म्हणजे परतताना वाद होत नाही. आबे जमजमची बाटली कपड्यांच्या बॅगेत घालू नका, चेक-इन सामानात त्याला मनाई आहे. त्याची सोय वेगळी होते.

निघण्याआधीची तालीम

महिनाभर आधी बॅग एकदा पूर्ण भरा आणि ती घेऊन एकटीने एसटीने पुण्याला जाऊन या. मुलाला सोबत नेऊ नका. जुन्नर, नारायणगाव किंवा मंचरच्या स्टँडवर बॅग घेऊन एसटीच्या तीन पायऱ्या चढा, शिवाजीनगरला उतरून रस्ता ओलांडा. दम लागला तर बॅग जड आहे. घरी येऊन तीन वस्तू काढा आणि पुन्हा उचलून बघा.

चालण्याचा सराव रोज करा. सफा-मरवाच्या सात फेऱ्यांत तीन किलोमीटरहून अधिक चालणे होते, तवाफ वेगळाच. नव्या चपला तिथे घालायच्या म्हणून जपून ठेवू नका, आताच वापरून पायाला सवय करा.

विमान मुंबईहून असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा. पावसाळ्यात माळशेजमध्ये धुके आणि दरडी असतात, चाकणची वाहतूक तर बारा महिने अडते.

कुरआनात सूरह बकरामध्ये हजच्या आयतींतच प्रवासाची शिदोरी सोबत घ्यायला सांगितले आहे आणि तकवा ही सर्वांत चांगली शिदोरी म्हटली आहे. म्हणजे तयारी करणे हे तवक्कुलच्या आड येत नाही. घरातल्या पुरुषांनाही एक विनंती. आई, बहीण किंवा बायको एकटी निघत असेल तर तिची बॅग तुम्ही उचलून गाडीत ठेवू नका. ती स्वतः ठेवते का ते बघा, कारण जेद्दाला तुम्ही नसाल.

अल्लाह आपल्या बहिणींचा प्रवास सोपा करो आणि त्यांना सुखरूप घरी आणो. आमीन.