सीमेवरून परतलेला जवान आणि आपले घर

सातारा आणि सांगली हे जवानांचे जिल्हे म्हणून महाराष्ट्राला परिचित आहेत. सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाच्या नावाला लोक आजही ‘मिलिटरी’ हा शब्द जोडतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले आणि त्यांचे स्मारक गावात उभे आहे. देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली. कराडला दर डिसेंबरात १९७१ च्या युद्धातील विजयाचे स्मरण केले जाते. जवानाला निरोप कसा द्यावा आणि वीरगती मिळालेल्याला मानवंदना कशी द्यावी, हे या मातीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु जो सुखरूप परततो त्याला घरात पुन्हा कसे सामावून घ्यावे, याविषयी आपण फारसे बोलत नाही. या लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

या भागात आपले धर्मग्राम लहान आहेत. तरीही आपल्यातील काही कुटुंबांत आणि आपल्या शेजारच्या अनेक घरांत कोणी ना कोणी सैन्यात आहे किंवा होता. तेव्हा हा विषय आपल्या उंबरठ्यावरचा आहे.

परतणे कठीण का जाते?

दहशतवादाशी लढणाऱ्या तुकडीत किंवा ताबारेषेवरील चौकीत असलेल्या जवानाचे शरीर सतत सावध राहण्यास शिकते. झोप सावध होते, आवाज झाला की हात शस्त्राकडे जातो आणि अनोळखी माणसाकडे संशयाने पाहिले जाते. तेथे याच सवयी त्याचे प्राण वाचवतात. रजेवर किंवा निवृत्त होऊन तो गावी येतो तेव्हा रेल्वे एका-दोन दिवसांत त्याला घरी पोहोचवते. मनाला मात्र तेवढ्या वेगाने पोहोचता येत नाही. जत्रेतील आतषबाजी किंवा दिवाळीतील सुतळी बॉम्ब त्याला दचकवतात. गर्दीत जीव घुसमटतो. घरातील किरकोळ कुरबुरी त्याला क्षुल्लक वाटतात आणि मग तो चिडतो किंवा गप्प होतो.

इकडे घरही बदललेले असते. त्याच्या गैरहजेरीत पत्नीने शेती, सोसायटीचे कर्ज, मुलांच्या शाळा आणि सासूसासऱ्यांची दुखणी एकटीने सांभाळलेली असतात. धाकटे मूल वडिलांना पाहून आईच्या पदराआड लपते. आपल्यावाचून घराचे काही अडत नाही, असे त्याला वाटू लागते. आणि आपण केलेल्या कष्टांची याला जाणीव नाही, असे तिला वाटते. दोघांचेही दुःख खरे असते.

या अवस्थेचा अभ्यास जुना आहे. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी खंदकांतून परतलेल्या सैनिकांच्या आजाराचे वर्णन करताना ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला. त्या काळी पुष्कळांना तो भ्याडपणा वाटला. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतरचा मानसिक ताणविकार, या नावाने त्याला आजार म्हणून मान्यता दिली. बहुतेक जवान काही आठवड्यांत घराशी पुन्हा जुळवून घेतात, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. काहींना मात्र मदत लागते आणि ती मागण्यात कमीपणा नाही.

एलिया संदेष्ट्याची कथा

पवित्र शास्त्रात राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात या विषयावर प्रकाश टाकणारा प्रसंग आहे. कार्मेल डोंगरावरील रक्तरंजित संघर्षात एलिया विजयी झाला होता. तरीही त्यानंतर तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले. परमेश्वराने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने त्याला भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा उठवून खाऊ घातले. पुढे होरेब डोंगरावर परमेश्वराने त्याला प्रश्न विचारला आणि त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतले. शेवटी त्याला नवे काम दिले आणि अलीशाच्या रूपाने सोबतीही दिला. विश्रांती, ऐकून घेणे, काम आणि सोबत, असा हा क्रम आहे. आपल्या घरांतही हाच क्रम पाळावा, असे आम्हांला वाटते.

विश्रांती. पहिल्या आठवड्यात सत्कार, पाहुण्यांच्या रांगा आणि लग्नकार्यांची आमंत्रणे यांचा मारा टाळावा. त्याला पुरेसे झोपू द्यावे. गाढ झोपेत असताना हात लावून उठवू नये. थोडे दूर उभे राहून नावाने हाक मारावी. घरातील व्यवहार एका दिवसात त्याच्या हाती देऊ नयेत आणि त्यानेही ते हिसकावून घेऊ नयेत. दोघांनी बसून कोणते काम कोणी करायचे, हे हळूहळू ठरवावे.

ऐकून घेणे. “तुम्ही किती अतिरेकी मारले?” हा प्रश्न कोणीही, अगदी लहान मुलांनीही, विचारू नये. तो स्वतःहून बोलू लागला तर मध्ये न बोलता ऐकावे. गप्प राहिला तर ते मौन सहन करावे. अनेक जवानांना जुन्या पलटणीतील मित्रांशी बोलणे सोपे जाते. त्याचा राग पत्नीने धरू नये.

काम आणि सोबत. आपले बहुसंख्य जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतात. २०२२ पासून अग्निपथ योजनेतून भरती झालेल्यांपैकी बहुतेकांची सेवा तर चारच वर्षांची आहे. इतक्या तरुण वयात हाताला काम नसेल तर मन भूतकाळात रुतते.

याबाबत सांगली जिल्ह्याचाच एक मोठा दाखला आपल्यापुढे आहे. पेठ या गावचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईतील नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याची शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत विक्रमी वेळेत जिंकली आणि भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक जखमी जवान पदक जिंकणार नाही. परंतु उपचार आणि नवे ध्येय मिळाले की मोडलेले आयुष्य पुन्हा उभे राहू शकते, हे पेटकरांनी दाखवून दिले.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

भयंकर स्वप्ने, प्रसंग पुन्हा घडत असल्याचा भास, सतत दचकणे, माणसे टाळणे किंवा अनावर राग ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. झोपेसाठी रोज दारू लागत असेल तर वाट पाहू नये. दारूने झोप बिघडते आणि आजार बळावतो. या विकारावर समुपदेशनाच्या प्रभावी पद्धती आणि औषधे उपलब्ध आहेत. “जगण्यात अर्थ नाही” असे शब्द निघाल्यास त्यांना कधीही हलके मानू नये. अशा वेळी त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आपल्याकडे अनेक माजी सैनिक सुरक्षारक्षक म्हणून काम करतात आणि त्यांच्याजवळ परवान्याची बंदूक असते. संकट टळेपर्यंत ती घराबाहेर सुरक्षित ठिकाणी जमा करणे अत्यावश्यक आहे.

मदतीची दारे पुढीलप्रमाणे आहेत. सातारा आणि सांगली येथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, नोकरी आणि अडीअडचणी यांसाठी प्रथम तेथे जावे. माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी २००३ साली सुरू झालेल्या ईसीएचएस योजनेतून मनोविकारांवरही उपचार मिळतात. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीतून बोलता येते. सैन्यदलातील व्यक्ती व त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये या सेवेचा स्वतंत्र कक्ष उघडण्यात आला.

धर्मग्रामाने काय करावे?

काही जखमा भीतीच्या नसून सदसद्विवेकबुद्धीच्या असतात. आपल्या हातून कोणाचा जीव गेला, किंवा मित्राला वाचवता आले नाही, ही टोचणी वर्षानुवर्षे राहते. व्हिएतनाम युद्धातील सैनिकांवर उपचार करणारे डॉ. जोनाथन शे यांनी तिचे वर्णन नैतिक जखम असे केले. “तू कर्तव्य केलेस, विसरून जा” असे म्हटल्याने ती भरत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली सैनिकाला राष्ट्राच्या सुरक्षिततेचा व स्वातंत्र्याचा सेवक म्हटले आहे. ख्रिस्तसभा अशा रीतीने त्याच्या सेवेचा आदर करते आणि त्याच्या मनातील टोचणीलाही जागा देते. प्रायश्चित्त संस्कारात तो जे बोलेल ते कायमचे गुप्त राहते. धर्मगुरूंनी त्यासाठी घाई न करता वेळ द्यावा. मात्र प्रार्थना आणि औषधोपचार यांत कोणी विरोध मानू नये.

दोन नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनी जवानाच्या वीरगती मिळालेल्या सोबत्यांची नावे विचारून घ्यावीत आणि त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करावा. ते सोबती कोणत्याही धर्माचे असोत, त्यांच्यासाठी प्रार्थना होते आहे याचा त्याला आधार वाटेल. महिला मंडळाने जवान सीमेवर असतानाच त्याच्या पत्नीची विचारपूस सुरू करावी, कारण परतीची तयारी तेव्हापासूनच होत असते. निवृत्त होऊन स्थिरावलेल्या माजी सैनिकांनी नव्याने परतलेल्यांना महिन्यातून एकदा भेटावे आणि धर्मग्रामाच्या कामात त्यांना जबाबदारी द्यावी.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली ख्रिस्तसभेला रणांगणावरील रुग्णालयाची उपमा दिली होती. आपल्या धर्मग्रामातील आणि शेजारातील जवानांच्या घरांची यादी या महिन्यात करावी, आणि रजेवर कोण केव्हा येणार आहे याची माहिती ठेवून एक-दोन जबाबदार व्यक्तींनी त्या घराशी संपर्क ठेवावा, अशी आम्ही सर्व धर्मग्राम समित्यांना नम्र विनंती करतो.