भाडेउत्पन्नाचा जमाखर्च

सेवानिवृत्तीच्या सुमारास चार पैसे गाठीला जमले, की दुसरी सदनिका घेऊन भाड्याने द्यावी, हा विचार मध्यमवर्गीय गृहस्थाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. आणि भिंतीला हात लावून पाहता येतो, रोख्यांना तो लावता येत नाही, एवढे कारणही पुष्कळांना पुरेसे वाटते.

पुण्यात 1 कोटी रुपयांस घेतलेल्या सदनिकेचे भाडे दरमहा 25,000 धरले, तर वर्षाची प्राप्ती 3 लाख, म्हणजे वरकरणी शेकडा 3 होते. परंतु पुरुष खरेदीदारास शेकडा 7 मुद्रांक शुल्क आणि 30,000 रुपये नोंदणी फी भरावी लागत असल्यामुळे गुंतलेले भांडवल 1 कोटी 7 लाख 30 हजारांवर जाते. इकडे जुना भाडेकरू जाऊन नवा येईतो एक महिना जागा रिकामी राहिली, दलालास एक महिन्याचे भाडे गेले, सोसायटीची वर्गणी व बिनभोगवटा शुल्क मिळून 48,000 आणि महापालिकेचा मिळकतकर 20,000 धरला, की हाती 1 लाख 82 हजार उरतात. हे प्रमाण शेकडा 1.7 होय, आणि त्यात रंगरंगोटी व पावसाळ्यातील गळती अद्याप धरलेलीच नाही. प्राप्तिकरात मिळकतकर वजा जाता उरलेल्या भाड्यातून शेकडा 30 सूट मिळते खरी, पण तिने मुळातली तूट भरून निघत नाही. किंमत वाढेल, असे यावर सांगण्यात येते. वाढेलही, मात्र तो सौदा निराळा आहे, आणि त्याला भाडेउत्पन्न म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे.

आकड्यांहून जुनी धास्ती कब्जाची. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याशी जखडून टाकले. त्यातून सुटण्यासाठी घरमालकांनी परवाना-कराराची वाट काढली, तर 1973 च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीस वैध कराराखाली कब्जात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरू ठरविले. गिरगाव-परळच्या चाळींत दुरुस्तीवाचून जिने खचले, त्याचे एक मोठे कारण या गोठलेल्या भाड्यात होते. त्या आठवणीने आजही कित्येक सदनिका कुलपात पडून आहेत. वास्तविक 31 मार्च 2000 पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 अन्वये, परवान्याची मुदत संपूनही निवासी जागा न सोडणाऱ्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडून बेदखल करविता येते आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते.

मात्र दस्त नोंदविलेला हवा. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रापुरता सर्वस्वी चुकीचा आहे. कलम 55 ने ही जबाबदारी मालकावरच टाकली असून, दस्त नोंदविला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

पुढेमागे मुलांना राहावयास जागा लागणार आहे आणि कर्ज काढावे लागत नाही, अशा कुटुंबाने हा व्यवहार अवश्य करावा. ज्याचा महिन्याचा किराणा-औषधपाणी या भाड्यावरच चालावयाचे आहे, त्याने मात्र बयाणा देण्यापूर्वी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत मिळणारे शेकडा 8 च्या आसपासचे व्याज वरील हिशेबाशेजारी मांडून पाहावे.