हात आखडता घेण्याचं काम

अपघात विम्याचे दावे तपासणं हे माझं गेल्या कित्येक वर्षांचं काम. उजव्या हाताला अमुक टक्के कायमचं अपंगत्व, असं प्रमाणपत्र समोर येतं, रक्कम मंजूर होते, फाइल बंद. त्या हाताने तो माणूस शर्टाची बटणं कशी लावतो, हे फाइलमध्ये नसतं. ते जिथे शिकवतात तिथे बसून बघायचं मी ठरवलं, आणि त्यात सरळ स्वार्थ होता. नोकरी बदलायचीच झाली, तर ऑक्युपेशनल थेरपी आपल्याला झेपेल का?

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात ओळखीने बसायला मिळालं. भिंतीला लागून एक फळी, तिच्यावर नळ, कडी, कुलूप, विजेचं बटण असं सगळं ठोकलेलं. टेबलावर कपड्यांचे चिमटे, खुंट्यांची पाटी, मसुरीने भरलेलं घमेलं. कोपऱ्यात शेगडी, पोळपाट, लाटणं. यंत्र म्हणावं असं फारसं काहीच नाही. त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्या नातेवाइकांचा चेहरा पडतो. एवढ्या लांबून आलो ते चिमटे लावायला?

पक्षाघाताने डावी बाजू गेलेल्या एक आजी ब्लाउज घालायला शिकत होत्या. आधी लुळा हात बाहीत, मग चांगला. काढताना याच्या उलट. ऐकायला सोपं आहे. पण आजी चांगला हात आधी घालायच्या आणि पाठीवर कापडाचा बोळा होऊन अडकायच्या. सुनेचा हात आपसूक पुढे यायचा. ‘‘ताई, तुम्ही जरा हात मागे बांधा बघू,’’ तिथल्या थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या. सून ओशाळली. मॅडम स्वतःही काही करत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. आजी एका बाजूला कलतात का, खांदा कुठे अडतो, नजर कुठे जाते.

नजर डावीकडे जातच नव्हती, गोम तिथेच होती. डोळे ठीक होते. मेंदूच त्या बाजूची दखल घेत नव्हता. मॅडमनी सुनेला विचारलं, ‘‘जेवताना ताटातलं काय उरतं?’’ सून म्हणाली, ‘‘चटणी, कोशिंबीर, लोणचं. तोंडाची चवच गेलीय त्यांच्या.’’ ताटाची अख्खी डावी बाजू! दुसऱ्या खेपेला डाव्या बाहीच्या कडेला लाल फीत शिवून आली. आजींनी ती शोधायची, आणि मगच पुढचं.

हे बघणं हाच या कामाचा कणा आहे. चहा करणं म्हणजे आपल्याला एक काम वाटतं. इथे ते सुटं करून मांडतात: पातेलं उचलणं, नळ सोडणं, साखरेचं झाकण फिरवणं, आधी काय मग काय हे लक्षात ठेवणं, गॅस बंद करायला न विसरणं. यातलं नेमकं काय अडतंय ते शोधायचं, मग एक तर माणसाला तयार करायचं, नाही तर वस्तू बदलायची. चमच्याची मूठ जाड करायची, चिरायच्या फळीला खिळे मारून कांदा त्यावर रोवायचा. शेजारच्या फिजिओथेरपीशी यांचा पुष्कळसा अभ्यास सारखा असतो, आणि ‘तुम्ही फिजिओच ना?’ हा प्रश्न जन्मभर पिच्छा पुरवतो. मानी माणसाने हे आधीच ध्यानात घ्यावं.

हातांना काम हवं असेल तर स्प्लिंटच्या टेबलाशी थांबावं. दुचाकीवरून पडून दंडाचं हाड मोडलेला एक तरुण आला होता. हाडालगतची नस दुखावल्यामुळे त्याचं मनगट लोंबत होतं. मनगट खाली वाकवून घट्ट मूठ वळून बघा, जोर लागत नाही. म्हणून ते थोडं वर उचलून धरणारा स्प्लिंट हवा. आधी कागदावर हात गिरवून नमुना कापला. मग प्लॅस्टिकचा पत्रा साधारण 65–70 अंशांच्या पाण्यात सोडला. तो नरम पडला की फडक्याने टिपून हातावर बसवायचा. गार होऊन कडक होईपर्यंत जेमतेम काही मिनिटं मिळतात. पुढची कड तळव्यावरच्या आडव्या रेषेच्या अलीकडेच थांबवायची, नाही तर बोटं मुळातून वळत नाहीत. मागे तो कोपराखालच्या हाताच्या दोन तृतीयांशापर्यंत जायला हवा. शेवटी थोडा वेळ घालून काढायचा आणि कातडीवरचा लाल वळ वीसेक मिनिटांत जातो का ते पाहायचं. राहिला, तर तिथे दाब पडतोय. पुन्हा पाणी, पुन्हा पत्रा.

या विद्येची आपल्याकडची सुरुवात मुंबईचीच. 1950 मध्ये केईएम रुग्णालयात देशातलं पहिलं प्रशिक्षण केंद्र कमला निंबकरांनी उभं केलं. त्या जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. मराठी वाचकाला त्यांची सून जास्त ठाऊक असेल: लेखिका जाई निंबकर.

आता हिशेब. अमेरिकेत कुठल्याही शाखेचा पदवीधर शरीररचनेसारखे काही विषय आधी पुरे करून थेट मास्टर्सला जाऊ शकतो. तिकडे चाळिशीचे विद्यार्थी नवलाचे नाहीत. आपल्याकडे तशी आडवाट नाही. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र, मग नीट, मग पदवी. आजवर ती चार वर्षं आणि वर सहा महिने इंटर्नशिप अशी होती. त्यानंतर राज्य परिषदेकडे नोंदणी. वाणिज्य शाखेच्या माणसाला तर बारावीपासूनच श्रीगणेशा. नोकरी सांभाळून हे जमेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. माझं बारावीचं जीवशास्त्र शाबूत आहे, आणि नीटला वयाची कमाल अट नाही.

वयाचं विचारलं तेव्हा मॅडम नवीन पत्रा कापत होत्या. ‘‘वयाचं राहू द्या हो. समोरचा धडपडत असताना दहा मिनिटं गप्प बसवतं का तुम्हाला?’’

दावे तपासणाऱ्याला गप्प बसून बघायची सवय असते, पण कागदाकडे. माणसाकडे तसं बघवेल की नाही, हे मला अजून सांगता येत नाही. घरातही एकमत नाही. नवरा पगाराचं गणित मांडतो. लेक नववीत आहे आणि तिलाही वैद्यकीयकडेच जायचंय. तीन वर्षांनी आपल्या आईने आपल्याच परीक्षेला बसू नये, एवढं तिचं स्पष्ट म्हणणं आहे.