पायांची खाज अंगावर काढू नका!

फळ्याशी उभं राहून शिकवताना एका पायाने दुसरी पोटरी हळूच खाजवायची, आणि मुलींनी पाहिलं तर नाही ना म्हणून ओशाळायचं! मैत्रिणींनो, गेल्या थंडीत माझी हीच गत होती. पोटऱ्यांवर बारीक पुरळ, कातडी इतकी कोरडी की नख ओढलं तर पांढरी रेघ उमटावी.

शेजारणीने सुचवलेली ट्यूब दुकानातून आणली. खाज आठवड्यात थांबली. ट्यूब संपताच दुपटीने परतली. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. "यात स्टिरॉइड आहे. फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते, आणि नायटा असेल तर उलट पसरतो," त्या म्हणाल्या.

माझा गुन्हेगार निघाला कढत पाणी आणि साबण! आता कोमट पाण्याने 5-10 मिनिटांत आंघोळ उरकते. पायांना साबण अगदी थोडा, घासणं बंद. टॉवेलने टिपून, कातडी ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावते, रात्री पुन्हा. 3 आठवड्यांत पोटऱ्या मऊ झाल्या.

मात्र खाज रात्री वाढत असेल, घरात इतरांनाही सुटली असेल, तर ती खरूज असू शकते. मग एकटीने औषध लावून भागत नाही. डॉक्टरांना विचारून साऱ्या घराने एकाच वेळी उपचार घ्यायचे. गोल चट्टे, पू किंवा मधुमेह असेल तरी घरगुती उपाय करत बसू नका.

सगळ्यांचं दुखणंखुपणं आपण बघतो; स्वतःचे पाय तेवढे साडीखाली झाकतो. तेवढं आता सोडा, बरं का!