वर्धा जिल्ह्यातील ग्रामीण घरबांधणी : उष्ण व कोरड्या हवेतील गवंडीकाम आणि काँक्रीट

वर्धा जिल्हा हा वाळवंटी प्रदेश नव्हे. येथे वर्षाकाठी सुमारे 1000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. परंतु मार्चअखेरपासून मृगापर्यंतच्या काळात येथील हवा उष्ण वाळवंटाशी नाते सांगणारी असते. मे महिन्यात दुपारचे तापमान 45 अंश सेल्सिअसच्या वर जाणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. आर्द्रता अत्यल्प असते आणि तापलेला वारा दिवसभर वाहतो. अशा प्रकारे एकाच घराला वर्षातून दोन परस्परविरोधी हवामानांना तोंड द्यावे लागते. शुष्क प्रदेशातील जाड भिंती व मातीचे सपाट छत हा उपाय एप्रिलमध्ये उत्तम ठरेल, पण जुलैच्या झडीत तेच छत गळू लागेल. या जिल्ह्यातील पारंपरिक घराने कवेलूंचे उतरते छप्पर आणि मातीची जाड भिंत यांची सांगड घातली, त्यामागे हेच कारण होते.

गेल्या काही दशकांत या घराची जागा विटा, सिमेंट व सपाट स्लॅब यांनी घेतली आहे. घरकुल योजनांनी या बदलास गती दिली. 2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या योजनेत घराचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर ठरविण्यात आले असून, बांधकाम ठेकेदारामार्फत न करता लाभार्थ्याने स्वतः करावे अशी अपेक्षा आहे. म्हणजेच रेती किती, पाणी किती, स्लॅब कोणत्या वेळी टाकायचा, हे सारे निर्णय कुटुंब आणि गावातील गवंडी यांच्या हाती असतात. अभियंत्याची भेट ही टप्प्याटप्प्याची बाब असते; काँक्रीट कालवले जात असताना तो तेथे असेलच असे नाही.

बांधकामाचे पंचांग

प्रश्नाचे मूळ तंत्रात जेवढे आहे, तेवढेच ते ऋतुचक्रात आहे. कापूस व तूर घरात आली, गहू-हरभरा निघाला की शेतकरी कुटुंबास सवड मिळते आणि हाती थोडा पैसाही असतो. जुने घर पाडून नवे बांधायचे तर पावसाळ्यापूर्वी डोक्यावर छप्पर आलेच पाहिजे. अनुदानाचे हप्तेही बांधकामाच्या टप्प्यांशी जोडलेले असतात. परिणामी जोते मार्चमध्ये, भिंती एप्रिलमध्ये आणि स्लॅब मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, असा क्रम बहुतेक गावांत आपोआप पडतो. काँक्रीटच्या दृष्टीने वर्षातील हाच सर्वांत प्रतिकूल काळ होय. आणि गावातील विहिरी तळ गाठतात तोही हाच. ज्या महिन्यात सिमेंटला सर्वाधिक पाणी हवे, त्याच महिन्यात ते सर्वांत कमी उपलब्ध असते.

पायाच्या बाबतीत हेच पंचांग वेगळ्या रीतीने आड येते. जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर असून त्याच्या झिजेतून तयार झालेली काळी कापसाची माती सखल भागात खोलवर साचली आहे. या मातीतील चिकणमातीची खनिजे पाणी मिळताच फुगतात आणि वाळली की आकसतात. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या रुंद भेगा हे त्याचेच दृश्य रूप. पाया खणला जातो तेव्हा माती पूर्ण आकसलेली असते. तीच माती पहिल्या पावसात फुगून हलक्या, एकमजली घराला असमान उचलते. खिडकी-दाराच्या कोपऱ्यांतून तिरप्या जाणाऱ्या भेगा निकृष्ट विटांमुळे पडल्या असा समज असतो, पण पुष्कळदा त्यांचा उगम जमिनीत असतो. मुरूम एक-दीड मीटरवर लागत असेल तर पाया तेथवर नेणे हा सरळ मार्ग आहे. खणलेली काळी माती पायाच्या बाजूंना व जोत्यात पुन्हा भरणे मात्र सर्वथा चुकीचे. तेथे मुरूम किंवा रेतीच हवी. जोत्याच्या पातळीवर सलग काँक्रीटची पट्टी आणि घराभोवती पाणी दूर नेणारी उताराची फरसबंदी यांचा खर्च थोडा असून उपयोग मोठा आहे. माती खूपच खोल असल्यास रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या, तळाशी फुगीर असलेल्या खोदस्तंभांचा पर्याय आहे. तथापि एका घरकुलासाठी त्याची यंत्रणा गावात आणणे सहसा परवडत नाही.

भिंतीच्या कामात उन्हाचा परिणाम सांध्यांवर होतो. दिवसभर उन्हात तापलेली कोरडी वीट मसाल्यातील पाणी क्षणार्धात शोषून घेते. सिमेंटची रासायनिक प्रक्रिया अर्ध्यावर थांबते आणि सांधा बोटाने खरवडता येईल इतका भुसभुशीत राहतो. विटा टाक्यात बुडवून ठेवणे, मसाला एका वेळी थोडाच कालवणे आणि बांधलेल्या भिंतीवर गोणपाट टाकून तो ओला ठेवणे या गोष्टी प्रत्येक गवंड्याला ठाऊक आहेत. अडचण अज्ञानाची नसून पाण्याच्या टँकरची असते. दुपारी भिंतीवर मारलेले पाणी तासाभरात उडून जाते. गोणपाटाने झाकलेल्या भिंतीला त्यापेक्षा पुष्कळ कमी पाणी पुरते.

स्लॅबचा दिवस

भारतीय मानक 7861 च्या पहिल्या भागानुसार हवेचे तापमान 40 अंशांहून अधिक असताना होणारे काँक्रीटकाम हे उष्ण हवेतील काम समजले जाते आणि टाकतेवेळी काँक्रीटचे तापमानही 40 अंशांपेक्षा कमी ठेवणे अपेक्षित असते. वर्ध्याच्या मे महिन्यात याचा सरळ अर्थ असा, की काम पहाटे सुरू होऊन उन्हे चढण्यापूर्वी संपले पाहिजे, अथवा ते सायंकाळी घ्यावे. प्रत्यक्षात मजूर आठ-नऊला जमतात, मिक्सर त्यानंतर येतो आणि शेवटचा भाग दुपारी एकच्या सुमारास ओतला जातो. काँक्रीटच्या आकारमानाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग गिट्टी व रेतीचा असतो. तीच जर उन्हात तापलेली असेल, तर कालवल्यावर मिश्रण झपाट्याने घट्ट होते. घट्ट झालेले मिश्रण पाटीतून नीट पडत नाही, म्हणून त्यात आणखी एक बादली पाणी टाकले जाते. येथे नुकसान होते, आणि ते कायमचे असते.

भारतीय मानक 456 : 2000 नुसार एम-20 प्रतीच्या नाममात्र मिश्रणात 50 किलोच्या एका पोत्यामागे जास्तीत जास्त 30 लिटर पाणी चालते, सौम्य परिस्थितीतील सलोह काँक्रीटच्या टिकाऊपणासाठी घालून दिलेले 0.55 हे पाणी-सिमेंट गुणोत्तर पाळायचे तर ते 27.5 लिटरवर येते. या मर्यादेपलीकडची प्रत्येक बादली काँक्रीटमध्ये सूक्ष्म पोकळ्या ठेवून बाष्परूपाने निघून जाते. ताकद घटते, आणि पुढे त्याच पोकळ्यांतून पावसाचे पाणी सळ्यांपर्यंत पोहोचते. यावर महागडी औषधे टाकण्यापूर्वी करण्याजोगा उपाय साधा आहे. गिट्टीच्या ढिगावर आदल्या सायंकाळी पाणी शिंपडावे, ढीग झाडाच्या किंवा तट्ट्याच्या सावलीत ठेवावा, पाण्याचे पिंप झाकावे. रात्रीच्या वाऱ्याने ओली गिट्टी आपोआप थंड होते.

पृष्ठभाग घोटून होताच दुसरे संकट उभे राहते. वरचे पाणी आतून येणाऱ्या पाण्यापेक्षा वेगाने उडाले की काँक्रीट कडक होण्यापूर्वीच त्यावर बारीक भेगांचे जाळे उमटते. गवंडी त्यावर सिमेंटची भुकटी टाकून घोटतो. भेग दिसेनाशी होते, पण मिटत नाही. त्याऐवजी घोटकाम होताच प्लास्टिकचा कागद अंथरावा व काँक्रीट थोडे कडक होताच ओले गोणपाट टाकावे. त्यानंतर स्लॅबवर मातीच्या आळ्या करून पाणी साठविण्याची प्रथा आहे व ती योग्यच आहे. 456 क्रमांकाच्या मानकानुसार उष्ण व कोरड्या हवेत हा काळ 10 दिवसांपेक्षा कमी नसावा. राखमिश्रित सिमेंटसाठी तो 14 दिवसांपर्यंत वाढविण्याची शिफारस आहे, आणि बाजारात आज बहुधा असेच सिमेंट मिळते.

या दहा दिवसांचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. 25 चौरस मीटरचा, 10 सेंटिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे अडीच घनमीटर काँक्रीट. त्यास साधारण 20 पोती सिमेंट लागते. कालवण्याचे पाणी साडेपाचशे ते सहाशे लिटर. स्लॅबवर अडीच सेंटिमीटर पाणी उभे करायचे तर प्रथम 625 लिटर हवे. रोज एक सेंटिमीटर पाणी उडून जाते असे धरले तरी दररोज 250 लिटर, म्हणजे दहा दिवसांत 2500 लिटर. एकूण 3100 लिटरांहून अधिक. कालवण्याच्या पाण्याच्या पाचपट पाणी स्लॅब पडल्यानंतर लागते, आणि अंदाजपत्रक करताना सिमेंट, सळई, गिट्टी यांच्या रकान्यांत ते कोठेच दिसत नाही. ज्या घरात पिण्याचे पाणी डोक्यावरून आणले जाते, तेथे चौथ्या दिवशी स्लॅब कोरडा पडला तर त्यात नवल नाही. तो ओला ठेवण्याचे काम बहुधा घरातील स्त्रियांकडे येते, याचीही नोंद घेतली पाहिजे.

उष्णतेचे गणित

स्लॅब निर्दोष पडला तरी घर राहण्यायोग्य होतेच असे नाही. सलोह काँक्रीटची उष्णतावाहकता सुमारे 1.58 वॅट प्रति मीटर केल्व्हिन, विटेची 0.81, तर छतावर घातल्या जाणाऱ्या भुसामिश्रित मातीच्या थराची 0.52 इतकी मानली जाते. दहा सेंटिमीटरचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून ती उष्णता खाली सोडू लागतो. म्हणूनच पक्क्या घराचा मालक मे महिन्यात खाट अंगणात टाकतो. स्लॅबवर 10 सेंटिमीटर मातीचा थर दिल्यास फरक पडतो, परंतु त्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 160 किलो होते. ते गृहीत धरून सळ्या दिलेल्या नसतील तर हा उपाय अंगाशी येईल. दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात देणे सर्वांत स्वस्त आणि बिनधोक. लॉरी बेकर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत स्लॅबच्या खालच्या भागात, जेथे काँक्रीट ताण घेत नाही, कवेलू बसवून काँक्रीट वाचविले जाते. कवेलू गावात उतरविलेल्या जुन्या छपराचेच मिळू शकतात. मात्र सळ्यांची आखणी जाणकाराकडूनच व्हावी.

याच जिल्ह्यात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला होता. 1936 मध्ये महात्मा गांधी शेगाव येथे राहावयास आले. 1940 मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील आदी निवास व मुळात मीराबेन यांच्यासाठी उभारलेली बापूकुटी या वास्तू माती, बांबू, स्थानिक लाकूड व कवेलू यांच्या आहेत. भिंतीला उन्हाचा थेट स्पर्श होऊ न देणाऱ्या रुंद ओसऱ्या हे त्यांचे खरे वैशिष्ट्य म्हटले पाहिजे. 1937 च्या जानेवारीत 'हरिजन'मध्ये गांधीजींनी आदर्श खेड्यातील घरे पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्याची असावीत असे प्रतिपादन केले होते. त्या कल्पनेचे भाबडे अनुकरण आज शक्य नाही. बांबू व सागवान आता गावच्या पाच मैलांत सहज मिळत नाहीत आणि वाळवीचा त्रासही खरा आहे.

1976 मध्ये देवेंद्र कुमार यांच्या पुढाकाराने वर्धा येथे स्थापन झालेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने हा धागा पुढे नेला. कुंभाराच्या चाकावर घडविलेली निमुळती, पोकळ कवेलू एकात एक बसवून त्यांच्या कमानी उभारायच्या आणि कमानीस कमान जोडून छत पूर्ण करायचे, ही येथील पद्धत विशेष लक्षणीय आहे. तिला लाकूड लागत नाही, सळई लागत नाही, आणि पोकळीतील हवा उष्णतेला अडवते. सपाट छताचा दुहेरी उपयोग, म्हणजे धान्य व मिरची वाळविणे आणि पुढे वर मजला चढविणे, या छतावर होत नाही. ती गावात सर्वत्र पसरली नाही, त्याचे हेही एक कारण असावे. पक्के घर म्हणजे स्लॅबचे घर हे समीकरण तर त्याहून खोल रुजले आहे.

प्रधानमंत्री आवास योजनेअंतर्गत ग्रामीण गवंड्यांसाठी 45 दिवसांचे प्रशिक्षण चालविले गेले. प्रशिक्षणार्थी खऱ्या घरकुलाच्या कामावरच शिकतो, ही त्यातील जमेची बाजू. ते वर्ग जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये भरविले, तर गिट्टी भिजविण्यापासून गोणपाट टाकण्यापर्यंतचा प्रत्येक धडा प्रत्यक्ष उन्हात घेता येईल. ज्या कुटुंबास पावसाळ्यापूर्वी पाण्याची सोय होणे शक्य नाही, त्याने भिंती लिंटेलपर्यंत आणून वर उतरविलेल्या कवेलूंचे तात्पुरते छप्पर टाकावे आणि स्लॅब दिवाळीनंतर, विहिरीला पाणी असताना टाकावा. मात्र त्यासाठी स्लॅबच्या टप्प्याचा हप्ता तेवढे महिने थांबवून ठेवण्याची मुभा ग्रामपंचायत व पंचायत समितीच्या पातळीवर मिळावयास हवी.