डब्याचा किलो आणि काट्याचा किलो

तलासरीजवळच्या एका वस्तीत गेल्या वर्षी आम्ही सामुदायिक भोजन ठेवले होते. तांदळाच्या भाकरीसाठी दहा किलो पीठ लागेल, असा हिशेब मीच कागदावर मांडला. घरोघरून पीठ जमले, पण मोजायला काटा नव्हता. म्हणून एक लिटरचा डबा घेतला, दहा डबे मोजले आणि 'झाले दहा किलो' म्हणून मोकळा झालो.

शेवटच्या पंगतीला भाकरी संपल्या. शेवटची पंगत कोणाची असते, हे सांगायला नको. सकाळपासून चुलीपुढे राबलेल्या माता-भगिनींची! त्या नुसता भात खाऊन उठल्या. कोणी तक्रार केली नाही; पण बी.कॉम. झालेल्या माणसाचा हिशेब चुकला कसा, हे मला उमजेना.

दुसऱ्या दिवशी तोच डबा भरून दुकानातल्या काट्यावर ठेवला. रिकाम्या डब्याचे वजन वजा करता पीठ भरले ६५० ग्रॅम. म्हणजे आदल्या दिवशी साडेसहा किलोच पीठ मळले गेले होते!

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे खरे. पिठाचे तसे नाही. त्याच्या कणांत हवा असते. चाळलेले पीठ कमी भरते, डबा आपटून भरले तर जास्त भरते. तांदूळ, नाचणी, गहू यांच्या पिठांची वजनेही वेगवेगळी. गिरणीतून दळून आणलेले पीठ डब्यात धान्यापेक्षा वर येते, म्हणून ते जास्त झाले असे समजू नये.

आपल्या आजीच्या काळी दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली असे. शेर हे मापही होते आणि वजनही! मेट्रिक वजने १९५८ पासून आली आणि १९६२ पासून सक्तीची झाली. या भागातल्या कष्टकऱ्यांनी सावकाराच्या खावटीचे दिवस भोगले आहेत. माप ज्याच्या हाती, हिशेबही त्याच्याच हाती, हे त्यांना कोणी शिकवायला नको.

तेव्हा भगिनींनो, एक काम करा. घरातला एक डबा ठरवा. पीठ न दाबता भरा, सुरीच्या पाठीने सपाट करा आणि ओळखीच्या दुकानात वजन करून आणा. प्रत्येक पिठाचा आकडा डब्यावर रंगाने लिहा. मग दहा किलो म्हणजे १०,००० ग्रॅमला ६५० ने भागा. सुमारे साडेपंधरा डबे येतात. पुन्हा कोणाची पंगत उपाशी राहणार नाही.

हाच हिशेब रेशनच्या दुकानातही लक्षात ठेवा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. पाच माणसांचे २५ किलो झाले. लिटरच्या डब्यात तांदूळ सुमारे ८०० ग्रॅमच मावतो. कोणी असे २५ डबे मोजून दिले, तर हाती २० किलो पडतात. पाच किलो गेले, म्हणजे घरातल्या एका माणसाचे महिन्याचे धान्य गेले!

म्हणून डब्याने मोजू देऊ नका. 'काट्यावर टाका' म्हणा. वैधमापन खात्याचा शिक्का असलेल्या काट्यावर माल घेणे हा तुमचा हक्क आहे. तो मागताना संकोच कसला?